धुऱ्यावरची चौकट

बुलढाणा जिल्ह्यातल्या जीवसृष्टीचा विषय निघाला की बोट आधी लोणारकडे जातं. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचं सांगितलं. त्याच वर्षी लोणार पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. त्याआधी २०१९ च्या अखेरीस टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालून ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची बरीचशी वाट शेतशिवारातून होती. वावरं, नाले, धुरे ओलांडत तो आला.

सरोवर आणि अभयारण्य यांच्या मधे पसरलेलं हे शिवार मोजायचं कसं, ते इथे सांगतो. मेहकर तालुक्यातला हिवरा आश्रम आणि भोवतालचा परिसर डोळ्यांपुढे ठेवून ही कृती लिहिली आहे. काळी भारी जमीन, मधूनमधून मुरमाड बरड, जवळ कोराडी जलाशय, खरिपात सोयाबीन-तूर आणि रब्बीत हरभरा-गहू असं हे घाटावरचं शिवार आहे. इथली जुनी गवतं, रानभाज्या, वेली आणि त्यांच्यावर जगणारे किडे आता प्रामुख्याने दोनच जागी उरलेत. एक म्हणजे ई-क्लासची गायरानं आणि दुसरी म्हणजे धुरा. पुण्या-नगरकडे ज्याला बांध म्हणतात, तोच आमचा धुरा. तो दरवर्षी दोन बोटांनी अरुंद होतो, तणनाशकाने पिवळा पडतो, उन्हाळ्यात जळतो. तो नाहीसा होण्याआधी त्यावर काय होतं, हे तारखेसकट लिहिलेलं असायला हवं. दहा वर्षांनी दुसऱ्या कोणी त्याच जागी बसून तीच मोजणी पुन्हा करावी, इतकं नेमकं.

आधी परवानगी, तीही दोघांची

धुऱ्याला दोन मालक असतात. त्यावरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं आहे, मोजण्या मागवल्या गेल्या आहेत, कोर्टाच्या तारखा पडल्या आहेत. अशा जागी कोणी अनोळखी माणूस टेप घेऊन उभा राहिला, खुंट्या ठोकू लागला, तर त्याचा एकच अर्थ निघतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना एकाच वेळी, शक्यतो धुऱ्यावरच भेटा. चौकट जमिनीवर टाकून दाखवा, उचलून दाखवा. इथे काहीही रोवून ठेवणार नाही, असं स्पष्ट सांगा आणि ते पाळा. कायमचा दगड किंवा रंगवलेली खुंटी मागे ठेवू नका.

मग दहा वर्षांनी जागा सापडणार कशी? न हलणाऱ्या खुणेपासून अंतर घेऊन. विहिरीचा कठडा, विजेचा खांब, जुनं झाड यातलं काहीही चालतं. एखादा हिवर उभा असेल तर फारच उत्तम. पांढुरकी साल, काटे आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात फिकट पिवळ्या फुलांचे झुबके, यामुळे तो लांबून ओळखू येतो. हिवरा नावाची गावं विदर्भात अनेक आहेत, त्यांच्या नावाशी जुळणारं झाड हेच. वहीत असं लिहा : ‘हिवराच्या बुंध्यापासून धुऱ्याधुऱ्याने पूर्वेकडे ४२ मीटर.’ सोबत मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत उतरवा. मोबाईलचा जीपीएस उघड्यावरही काही मीटर चुकतो, त्यामुळे टेपचं अंतर हाच खरा पत्ता धरायचा.

ई-क्लासच्या जमिनीसाठी ग्रामपंचायतीला अर्ज द्या. लोणार किंवा ज्ञानगंगा अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक पानही तोडायचं नाही.

साहित्य

अर्धा इंची पीव्हीसी पाइप ४ मीटर आणि चार कोपरे, ५० मीटरचा टेप, सुतळी, खुरपं, फावडं आणि बादली, जुनी वर्तमानपत्रं, प्लायवुडचे दोन तुकडे आणि बांधायला पट्टा, दहा प्लास्टिकचे पेले, सगळे एकाच मापाचे, खळ नसलेला पांढरा मांजरपाट, अर्धा मीटर, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा, ब्लेड, शिसपेन्सिल आणि पक्क्या बांधणीची वही. पेन नेऊ नका. श्रावणातल्या एका सरीत शाईची पानं धुऊन निघतात, शिसपेन्सिल टिकते. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट आणि हातात काठी हवीच. धुऱ्यावर घोणस असते आणि पावसाळ्यात ती गवताच्या बुडाशी गपगार पडून राहते.

चौकट

ठरलेल्या मापाची चौकट टाकून तिच्या आतली झाडं मोजायची, ही रीत अमेरिकेतल्या नेब्रास्कात रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १८९८ मध्ये गवताळ प्रदेशासाठी बसवली. त्याआधी ‘हे झाड इथे भरपूर आहे’ असं नजरेच्या अंदाजावर लिहिलं जायचं. या दोघांनी खाली बसून एकेक रोप मोजलं, तेव्हा नजर किती फसवते ते त्यांना दिसलं. उंच आणि फुललेलं झाड डोळ्यात भरतं, जमिनीला चिकटलेलं सुटतं.

पाइपचे एकेक मीटरचे चार तुकडे कापून चौकट जोडा. ती काटकोनात आहे का, हे कर्ण मोजून पाहा. दोन्ही कर्ण १४१ सेंटिमीटरच्या जवळपास यायला हवेत. गवंड्याकडचा गुण्या मिळाला तर तोही लावा. चौकट तिरकी झाली की तिच्या आतलं क्षेत्र घटतं आणि पुढची सगळी गणितं खोटी पडतात.

आपले बरेच धुरे मीटरभरही रुंद उरलेले नाहीत. तिथे अर्धा मीटर रुंद आणि दोन मीटर लांब अशी चौकट करा. क्षेत्र तेवढंच राहतं, पण पाइप मीटरभर जास्त लागतो. मात्र एकदा जो आकार घेतला, तोच त्या धुऱ्यावर दरवर्षी वापरायचा.

जागा निवडू नका, चिठ्ठी काढा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मी पहिल्यांदा मोजणी केली तेव्हा दहाच्या दहा चौकटी पाऊलवाटेच्या कडेने टाकल्या, कारण तिथे पाय ठेवायला बरं होतं. नोंद अशी निघाली की या धुऱ्यावर तरोटा, गाजरगवत आणि एकदांडी याशिवाय फारसं काही नाही. पुढच्या आठवड्यात त्याच धुऱ्याच्या मधल्या भागात, जिथे बोरीच्या काट्यांमुळे गुरं शिरत नव्हती, तिथे पवन्या, मारवेल, उतरणीचा वेल आणि शेवरा असं सगळं उभं दिसलं. माझी मोजणी पाऊलवाटेची झाली होती, धुऱ्याची नाही.

म्हणून धुऱ्याची पूर्ण लांबी टेपने मोजा. समजा ती १८० मीटर आहे. एक ते १८० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाका आणि दहा काढा. ज्या मीटरची चिठ्ठी निघेल तिथेच चौकट पडेल. तिथे काटे असोत, उकिरडा असो की नुसतं उघडं काळं ढेकूळ असो. काहीच उगवलेलं नसेल तर वहीत चौकटीचा क्रमांक आणि पुढे शून्य लिहा. ती चौकट सोडून पुढे सरकलात तर धुरा कागदावर आहे त्यापेक्षा हिरवा दिसेल.

तुलनेसाठी लगतच्या वावरात दहा चौकटी आणि ई-क्लासवर दहा चौकटी, अशाच चिठ्ठ्या काढून टाका. तिन्ही मिळून तीस होतात. दोन माणसांना दोन सकाळी पुरतात.

केव्हा

तीन फेऱ्या करा. पहिली पुष्य नक्षत्रात, म्हणजे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. तेव्हा मृगाच्या पावसावर उगवलेली रोपं हाताला लागण्याएवढी झालेली असतात. दुसरी उत्तरा-हस्ताच्या सुमारास, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. गवतं तुऱ्यावर येतात ती याच दिवसांत, आणि तुऱ्याशिवाय गवत ओळखणं जाणकारालाही अवघड असतं. तिसरी पौषात. हिवरा आश्रमच्या विवेकानंद आश्रमात विवेकानंद जयंतीचा उत्सव भरतो, पुरी-भाजीच्या महाप्रसादाला लाखांच्या पंगती बसतात, तो आठवडा गावातला प्रत्येक जण लक्षात ठेवतो. त्याच्या अलीकडचा किंवा पलीकडचा आठवडा ठरवून टाका, म्हणजे पुढच्या वर्षी तारीख चुकणार नाही.

मोजणी

चौकटीच्या बाजूला बसा, आत पाय पडू देऊ नका. ज्या रोपाचं मूळ आत आहे तेच मोजायचं. बाहेरून आत झुकलेली फांदी मोजायची नाही. मूळ नेमकं पाइपखाली असेल तर डावी आणि खालची बाजू आत धरा, उजवी आणि वरची बाहेर. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तरोटा, केना, कुर्डू, माका, दुधी अशी सुटी रोपं एकेक मोजता येतात. हराळी आणि कुंदा मोजता येत नाहीत. जमिनीखालून ती सगळी एकच असतात. त्यांच्यासाठी झाकलेली जमीन टक्क्यांत लिहा. याला आपला हात हेच माप. बोटं सोडून तळवा साधारण १० सेंटिमीटर लांब-रुंद असतो, म्हणजे एक चौरस मीटरच्या चौकटीतला एक टक्का. आपला तळवा घरी आलेखाच्या कागदावर एकदा ठेवून पाहा आणि तो नेमका किती भरतो ते लिहून ठेवा. मग हराळीवर तळवा ठेवत ठेवत मोजा : सात तळवे, सात टक्के. उघडी जमीन, पालापाचोळा, दगड आणि राख यांचेही टक्के लिहा.

प्रत्येक चौकटीसोबत चार गोष्टी हव्यातच. शेवटचा पाऊस कधी पडला, तणनाशक मारलं का आणि कधी, गुरं चरतात का, उन्हाळ्यात धुरा जाळला होता का. यातल्या तीन गोष्टी शेतकऱ्यालाच विचाराव्या लागतात. विचारताना आवाजात दोष येऊ देऊ नका. पेरणीच्या घाईत मजूर मिळत नाही आणि फवारणी स्वस्त पडते, ही त्याची अडचण खरी आहे. त्याला उलटतपासणी वाटली तर उत्तर खोटं मिळेल आणि तुमच्या वहीचा उपयोग संपेल.

नाव कोणाला विचारायचं

निंदणाला जाणाऱ्या बायकांना. दोन पानांवर असलेलं रोप ओळखायला माझ्या माहितीत त्यांच्यासारखं दुसरं कोणी नाही. त्यांचं बोट चुकलं तर पिकाचं रोप उपटलं जातं, त्यामुळे त्यांची नजर वर्षानुवर्षं घासून लख्ख झालेली असते.

एका चौकटीत मी तरोट्याची चौदा रोपं लिहिली होती. शेजारच्या वावरात निंदणाऱ्या मावशी कंबर सरळ करायला धुऱ्यावर आल्या, चौकटीत डोकावल्या आणि म्हणाल्या, “सर, हे तीन तरोट्याचे नाहीत. पान चुरगाळून वास घ्या.” मी घेतला. उग्र, नकोसा वास होता. पानं पाहिली तर तरोट्याची पर्णिका टोकाला गोलसर असते, इथे ती टोकदार होती आणि जोड्याही तीनच्या वर होत्या. तो कासविंदा होता. तरोट्याची कोवळी पानं पहिल्या पावसाची भाजी म्हणून घरोघरी शिजतात, म्हणून हा फरक मावशींना चुलीपाशी बसूनच कळलेला. चौदाचे अकरा झाले, कासविंद्याची नवी ओळ आली.

नाव जसं ऐकू आलं तसंच लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. आणि तेवढ्यावर थांबूही नका. एकाच झाडाला कोणी एकदांडी म्हणतं, कोणी कंबरमोडी, कोणी दगडीपाला. तरोट्याला पलीकडच्या जिल्ह्यात टाकळा म्हणतात. शास्त्रीय नाव जोडलं की गोंधळ मिटतो. त्यासाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने २००० साली काढलेला बुलढाणा जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ आणि त्याच संस्थेचे महाराष्ट्राच्या वनस्पतींचे खंड हाताशी ठेवा. कुकचा मुंबई इलाख्यावरचा जुना ग्रंथ अनेक जण आधी उघडतात. तो चांगलाच आहे, पण वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतं, हे लक्षात असू द्या.

ओळख पटत नसेल तर नमुना घ्या. फूल किंवा फळ असलेली एक फांदी वर्तमानपत्रात पसरा, एक-दोन पानं उलटी करा म्हणजे पाठही दिसेल, आणि प्लायवुडमध्ये आवळून बांधा. पावसाळ्यात कागद रोज बदलावा लागतो, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशी चढते. फुलाचा रंग त्याच क्षणी लिहा, वाळल्यावर निळं फूल तपकिरी होतं. वाळलेला नमुना २८ बाय ४२ सेंटिमीटरच्या जाड कागदावर टाचा आणि खाली स्थळ, तारीख, स्थानिक नाव, गोळा करणाऱ्याचं नाव लिहा. सगळ्या धुऱ्यावर दोन-तीनच रोपं असतील तर उपटू नका, फोटोवर भागवा.

गाजरगवत दिसलं तर त्याची पानंही पाहा. १९५५ च्या सुमारास पुण्यात लक्षात आलेलं हे परदेशी तण आज कोणत्या धुऱ्यावर नाही? त्याला खाणारा झायगोग्रामा भुंगा मेक्सिकोतून मुद्दाम आणून १९८४ मध्ये बंगळुरूत सोडला गेला आणि तिथून देशभर पसरला. पिवळसर पाठीवर तपकिरी रेघा असलेले भुंगे आणि चाळणी झालेली पानं दिसली, तर त्यांची संख्या वेगळी लिहा.

जमिनीवर चालणारे

पेला जमिनीत काठोकाठ पुरायचा, वरची कड मातीच्या पातळीला किंवा केसभर खाली. कड जरा जरी वर राहिली तर मुंगी वळसा घालून निघून जाते. तळाला सुईने दोन भोकं पाडा, आत एक सुकं पान टाका, वर तीन खड्यांवर कवेलू ठेवा म्हणजे पाऊस आत येत नाही. धुऱ्यावर पाच पेले, वावरात पाच, प्रत्येकी ५ मीटर अंतरावर. संध्याकाळी पुरायचे, सकाळी ऊन चढायच्या आत पाहायचे, मोजून सगळ्यांना सोडून द्यायचं. सलग दोन रात्री पुरे. काम संपलं की पेले काढा आणि खड्डे बुजवा. विसरलेला पेला महिनाभर किडे मारत राहतो.

सापडतील ते मुंग्या, भुंगेरे, कोळी, रातकिडे आणि पैसा, ज्याला आपण वाणी म्हणतो. कवेलू हाताने नव्हे, काठीने उचला. खाली विंचू येऊन बसतो. प्रजातीचं नाव नाही आलं तरी ‘काळा भुंगेरा, १२ मिलिमीटर, पाठीवर रेघा’ एवढं लिहा आणि फोटो काढा. फोटो आयनॅचरलिस्टवर टाकले तर जाणकार नाव सुचवतात. पाखरांसाठी सूर्योदयानंतर एकाच जागी दहा मिनिटं शांत उभं राहा, दिसेल-ऐकू येईल ते मोजा आणि ईबर्डवर भरा. कोतवाल, वेडा राघू, चंडोल, टिटवी हे तर भेटतातच, तित्तर बहुतेक वेळा आवाजानेच कळतो.

जमिनीखाली

इथपर्यंत बरेच जण येतात आणि थांबतात. खरं तर शिवाराचा सगळ्यात गजबजलेला भाग पुढेच आहे, आणि त्याची पहिली ओळख करून घ्यायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

सोयाबीन पेरून ४० ते ४५ दिवस झाले, फुलं धरू लागली, की धुऱ्यालगतची पाच आणि वावरात २० मीटर आतली पाच झाडं निवडा. इथेही चिठ्ठी काढूनच. झाड उपटू नका. काळ्या जमिनीत उपटलं की गाठी तुटून मातीतच राहतात. खोडाभोवती वीतभर अंतर सोडून फावड्याने गोळा काढा, तो बादलीतल्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी हलक्या हाताने धुवा. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या, कधी त्याहून मोठ्या गाठी दिसतील. मोजा. मग पाच-सहा गाठी ब्लेडने मधोमध कापा. आतून गुलाबी किंवा लालसर असतील तर आतले ब्रॅडिरायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र बांधताहेत. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातलं हे द्रव्य गाठीत प्राणवायू मोजकाच पोहोचू देतं, कारण जास्त झाला तर नत्र बांधणारं विकर बंद पडतं. पांढरी गाठ कोवळी किंवा निकामी, हिरवी म्हणजे काम संपलेली.

गाठी कुठे आहेत तेही लिहा. सोटमुळाच्या वरच्या भागात दाटी असेल तर त्या बहुधा बियाण्याला चोळलेल्या जिवाणूसंवर्धनातून आलेल्या. बाजूच्या बारीक मुळांवर विखुरलेल्या असतील तर जमिनीत आधीपासून असलेल्या जिवाणूंच्या. म्हणून शेतकऱ्याला विचारा, पेरताना १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं रायझोबियमचं पाकीट लावलं होतं का. युरिया किती टाकला तेही विचारा. नत्र आयतं मिळालं की झाड गाठी कमी धरतं.

आता धुऱ्यावरचा शेवरा किंवा उन्हाळी यांचं एकेक रोप तसंच खणा. कोणी पेरलं नाही, कोणी पाकीट लावलं नाही, तरी मुळांवर गाठी असतात आणि त्या कापल्या की बऱ्याचदा गुलाबी निघतात. हे जिवाणू इथलेच. शेवरा गेला की त्यांचं घर जातं. मला तरी धुरा राखण्याचं याहून मोठं कारण लागत नाही.

दुसरी परीक्षा कापडाची. मांजरपाट गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा, १० सेंटिमीटर लांब-रुंद तुकडे कापा, उन्हात कडकडीत वाळवून वजन करा, कडेला पेन्सिलने क्रमांक घाला. प्रत्येक तुकडा मच्छरदाणीच्या जाळीच्या पिशवीत शिवा आणि १० सेंटिमीटर खोलीवर उभा पुरा. पाच धुऱ्यावर, पाच वावरात. एक तुकडा घरी डब्यात ठेवा, तो तुलनेचा. जाळीतून गांडूळ आत जात नाही, त्यामुळे जे कुजेल ते मुख्यतः बुरशी आणि जिवाणूंचं काम. तीन आठवड्यांनी काढा, माती पाण्यात सोडवा, वाळवा, वजन करा. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, म्हणून घटलेलं वजन हे त्या जागच्या कुजवणाऱ्या जिवांच्या कामाचं माप धरता येतं. पावसाने ओल टिकलेली असेल तर कापड हातात येतं तेव्हा त्याच्यावर काळे, गुलाबी, पिवळे डाग असतात. प्रत्येक डाग म्हणजे निराळी वसाहत. धुण्याआधी फोटो काढून घ्या.

प्रयोगशाळा उपलब्ध असेल तर पुढे जाता येतं. हिवरा आश्रमला कृषी महाविद्यालय आहे, अशा ठिकाणच्या प्राध्यापकांना विचारा. वरचा कचरा बाजूला करून १५ सेंटिमीटरपर्यंतची माती पाच जागांवरून घ्या, मिसळा, स्वच्छ पिशवीत भरून सावलीतून त्याच दिवशी पोहोचवा. तिथे १० ग्रॅम माती ९० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात हलवतात, त्यातलं एक मिलिलिटर नऊ मिलिलिटरमध्ये, असं दहा-दहा पटीने पातळ करत दशलक्षाव्या भागापर्यंत नेतात आणि पोषक आगरच्या बशीत वाढवतात. ३० ते ३०० वसाहती आलेल्या बशाच मोजायच्या. बशीत वाढतात ते जमिनीतल्या सूक्ष्मजीवांतले अगदी थोडे. बाकीचे आपल्या आगरवर वाढतच नाहीत, म्हणून निकालात ‘बशीत वाढलेले’ असंच लिहावं.

वहीतून आकडा काढणे

आधी वारंवारता. दहापैकी किती चौकटींत ते झाड आलं. पवन्या तीन चौकटींत असेल तर ३० टक्के. हा आकडा सगळ्यात सोपा आणि माणूस बदलला तरी फारसा न बदलणारा, म्हणून मी त्यावर जास्त भरवसा ठेवतो.

मग विविधता. एडवर्ड सिम्पसन यांनी १९४९ मध्ये मांडलेलं सूत्र पाटीवर सुटतं. समजा धुऱ्यावर शंभर रोपं आहेत, पाच जातींची, प्रत्येकी वीस. प्रत्येक जातीचा वाटा ०.२, त्याचा वर्ग ०.०४, पाचांची बेरीज ०.२. ती एकातून वजा करा, ०.८. आता समजा वावरात शंभर रोपं, जाती पाचच, पण एकट्या तरोट्याची ऐंशी आणि बाकीच्या चार जाती प्रत्येकी पाच. वर्गांची बेरीज ०.६४ आणि ०.०१ मिळून ०.६५, एकातून वजा केली तर ०.३५. दोन्हीकडे जाती पाचच. जातींची नुसती यादी केली असती तर दोन्ही जागा सारख्या वाटल्या असत्या.

टक्क्यांत मोजलेली गवतं या बेरजेत मिसळू नका, त्यांचा तक्ता वेगळा ठेवा.

वही कुठे द्यायची

जैविक विविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने गावाची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. तुमच्या मोजणीची एक प्रत तिथे द्या, पोच घ्या. दुसरी प्रत ज्यांच्या धुऱ्यावर बसलात त्या दोन्ही घरी, सोप्या मराठीत, एका पानावर : तुमच्या धुऱ्यावर इतक्या जाती, त्यात इतक्या खाण्याच्या, इतक्या गुरांच्या, सोयाबीनच्या मुळांवर इतक्या गाठी. मावशींचं नाव छापायचं असेल तर त्यांना आधी विचारा.

मूळ वही घरी ठेवा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घातलेल्या पत्र्याच्या पेटीत. शेवटच्या पानावर पुढच्या पुष्य नक्षत्राची तारीख, धुऱ्याची लांबी, हिवरापासूनचं अंतर आणि यंदा निघालेल्या दहा चिठ्ठ्यांचे आकडे लिहून ठेवा. पुढच्या वर्षी नव्या चिठ्ठ्या काढायच्या नाहीत, चौकटी याच दहा मीटरांवर पडतील.